चादरीतला चेक, बँकेतला चेक आणि पटावरचा राजा

प्रश्न आला आहे तो सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीमधून. विचारणारी मुलगी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद सांभाळते आणि परदेशी ऑर्डर मराठीत उतरवून खात्यात देते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या एकाच ऑर्डरमध्ये तिला 'चेक' चार ठिकाणी भेटला. माल 'चेक टॉवेल' हवा. रंगाची शेड मंजूर नमुन्याशी 'चेक' करायची. मग एक ओळ, 'कीप श्रिंकेज इन चेक'. आणि शेवटी पैसे 'बाय चेक'. तिसऱ्या ओळीचं तिने 'श्रिंकेज तपासत राहावे' असं केलं, फोरमनने इमानेइतबारे प्रत्येक लॉटचं आटणं मोजून वहीत लिहिलं, आणि गिऱ्हाईक मात्र नाराज. तिचं विचारणं असं: हे चार वेगळे शब्द आहेत की एकच? एकच असेल तर चौकडा, तपासणी आणि पैसे यांचा एकमेकांशी संबंध काय? आपण बँकेत लिहितो ते स्पेलिंग वेगळं का? आणि जाता जाता, चेक प्रजासत्ताकाचा यात काही हात आहे का?

मी सोलापुरात व्यापारी आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो. हा शब्द रोज टेबलावर असतो. आधी कामाचं सांगतो, मग गोष्ट.

तिसरी ओळ अशी हवी होती: 'धुतल्यावरचं आटणं आटोक्यात ठेवा.' गिऱ्हाइकाला मोजमाप नको होतं, मर्यादा हवी होती. मोजायचं तर आहेच, पण आकडा वर गेला तर ताण, वीण, फिनिशिंग यात काहीतरी बदलायचं, हा त्या ओळीचा हुकूम. पहिली ओळ 'चौकड्याचे टॉवेल'. दुसरी 'शेड मंजूर नमुन्याशी पडताळून पाहा'. चौथीत खात्यासाठी 'चेकने' पुरे. सरकारी कागदावर जायचं असेल तर 'धनादेशाद्वारे'. फोरमनला बोल लावू नका. आपल्याकडे 'चेक करणे' म्हणजे तपासणे हे इतकं मुरलं आहे की दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तर हे चार शब्द नाहीत. एकच आहे, आणि तो बुद्धिबळाच्या पटावरून उठला आहे.

खेळ आपला. चतुरंग इराणात गेला तेव्हा त्याचा 'चत्रंग' झाला, अरबांनी त्याचा 'शतरंज' केला. इराणी खेळाडू समोरच्या राजावर मारा आला की 'शाह!' म्हणून पुकारायचे. म्हणजे फक्त 'राजा!', सांभाळ रे बाबा तुझा राजा. अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला तेव्हा ही हाकही बरोबर गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तिचा 'स्काकुस' झाला, कारण शेवटचा हकार युरोपी तोंडात कडक होऊन 'क' बनला. जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतल्यावर तिथे घासून घासून 'चेक'. फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' निघाला, म्हणजे इंग्रजीत खेळाचं नावच मुळात 'राजे' असं आहे. जर्मनांचं 'शाख' त्याच घरचं. स्पॅनिश लोकांनी मात्र 'अखेद्रेस' ठेवला, तो शतरंजवरून, म्हणजे शेवटी आपल्या चतुरंगावरून.

'शाह'च्याही मागे जाता येतं. इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला, त्यात तो स्वतःला 'ख्शायथिय' म्हणवतो. हाच शब्द झिजत झिजत 'शाह' झाला. त्या 'ख्शा'ला आपल्याकडचा 'क्ष' भाऊ आहे: सत्ता चालवणे या अर्थाचा 'क्षि' धातू, त्यातून क्षत्र आणि क्षत्रिय. इराणी सुभेदाराच्या पदवीचा आपण 'क्षत्रप' केला आणि मराठी वर्तमानपत्रं आजही कुणाही प्रादेशिक पुढाऱ्याला ती चिकटवतात. म्हणजे बँकेतला चेक आणि क्षत्रिय हे लांबचे चुलतभाऊ. ऐकायला थाप वाटते, पण नातं पक्कं आहे.

मराठीला तर ही हाक युरोपला वळसा न घालता थेट मिळाली. सोलापूरचा किल्ला बहमनी काळातला. बहमनी फुटल्यावर आदिलशाही आणि निजामशाही त्याच्यासाठी झगडत राहिल्या. दोन्ही नावांत 'शाह' बसलेला आहेच. त्या फारसी कारभारातून आलेले शह, मात, काटशह आपण इतके पचवले की निवडणूक आली की 'शह-काटशहाचं राजकारण' हा मथळा ठरलेला. 'मात' म्हणजे फारसीत हतबल, गोंधळून थिजलेला. अरबीत 'माता' म्हणजे मेला, त्यामुळे 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. पण पटावर राजा कधी मरत नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही, तेव्हा हतबलच बरोबर बसतं. एक गंमत सोलापूरकरांना लगेच कळेल, कारण इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं चालतं: मराठीत शह देणे म्हणजे अडवणे, आणि हिंदीत 'शह देना' म्हणजे फूस लावणे. एकाच शब्दाने एका गल्लीत थांबवायचं आणि दुसरीत पेटवायचं.

आता मूळ मुद्दा. शह बसला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत बंद पडतात. वजीर कुठे न्यायचा, प्यादं कधी पुढे ढकलायचं, सगळं बाजूला. आधी राजाचं बघा. म्हणून 'चेक' पटावरून उतरून व्यवहारात आला तो 'तपासणे' म्हणून नाही, तर 'अडवणे, रोखणे, खीळ घालणे' म्हणून. फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा आजचा अर्थ 'अपयश' असा आहे. इंग्रजीत हा रोखण्याचा अर्थ चौदाव्या शतकापासून आहे आणि तपासण्याचा त्याच्या बऱ्याच नंतर आला. भाषांतर करणाऱ्याने एवढा क्रम जरी लक्षात ठेवला तरी निम्मे घोटाळे टळतात.

रोखणारे चेक आपल्या अवतीभवती ढीगभर आहेत, फक्त आपण त्यांना ओळखत नाही. नाल्यावरचा 'चेक डॅम' पाण्याची तपासणी करत नाही, पळणारं पाणी अडवतो. दुष्काळी जिल्ह्यात राहून आपल्याला हे वेगळं सांगायला नको, पण 'तपासणी बंधारा' असं लिहिलेला कागद मी डोळ्यांनी पाहिला आहे. बोअरच्या पाइपातला 'चेक व्हॉल्व्ह' पाणी मागे फिरू देत नाही. मोटार बंद झाल्यावर पाइप भरलेला राहतो तो त्याच्यामुळे. मशीनवरचा 'चेक नट' पहिला नट ढिला होऊ देत नाही, खात्यात त्याला लॉकनटही म्हणतात. राज्यघटनेवरच्या लेखात 'चेक्स अँड बॅलन्सेस' येतं, ते नियंत्रण आणि समतोल. त्यातला 'चेक' म्हणजे एका सत्तेने दुसरीला घातलेला लगाम. आणि सगळ्यात फसवा 'अनचेक्ड'. 'अनचेक्ड ग्रोथ' म्हणजे न तपासलेली वाढ नव्हे, बेलगाम वाढ.

कर्नाटकाच्या हद्दीवरचा चेक नाका मात्र दोन्हीत मोडतो. तिथे गाडी अडवतातही आणि तपासतातही. रोखण्यातून तपासणं कसं निघालं हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. ज्याला अडवायचा अधिकार आहे त्याला आधी बघावं लागतं की अडवायचं कुणाला. इंग्लंडच्या शाही गोद्यांमध्ये 'क्लर्क ऑफ द चेक' नावाचा अधिकारी असे. कामावर कोण हजर, कोण गैरहजर याची नोंद त्याच्याकडे, म्हणजे फुकटचा पगार लाटणाऱ्यांना लगाम घालणं हे त्याचं खरं काम. लगाम नोंदीने घालायचा, म्हणून नोंद पडताळणं. अशा कामांमधून शब्द हळूहळू 'पडताळून पाहणे' इकडे सरकला, आणि पुढे लगाम मागे पडून नुसतं बघणं उरलं. आपण उचललं ते हे शेवटचं टोक. सोलापूर स्टेशनवरचा टीसी असो, दवाखान्यातलं चेकअप असो, 'गॅस चेक कर गं' असो, सगळं तिथलंच.

कापडातला चेक मात्र या वाटेने आलेला नाही. तो थेट पटावरून आला. राजाच्या हाकेवरून पटाला नाव पडलं, लॅटिनमध्ये 'स्काकारियुम', फ्रेंचमध्ये 'एशेकिए', इंग्रजीत 'चेकर'. पटासारखी घरं पाडलेलं ते 'चेकर्ड', आणि त्याचंच तोकडं रूप कापडावरचा 'चेक'. आपल्याकडे त्याला चौकडा हा सरळ शब्द आहे. चाटी गल्लीत जुन्या दुकानदाराकडे चौकड्याची चादर मागा, तो चेक्स म्हणणाऱ्यापेक्षा तुमच्याशी जरा जास्त आदराने बोलेल.

चौकडा विणायला किती खटपट असते हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि ऑफिसात बसणाऱ्यांनाही फारसं नसतं. नुसते उभे पट्टे हवे असतील तर रंगीत सूत ताण्यातच, म्हणजे उभ्या धाग्यांत, लावून बीम (ते धागे गुंडाळायचा रूळ) भरली की झालं, पुढे एकाच धोट्याने, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या होडीने, माग धावतो. चौकड्याला बाण्यातही, म्हणजे आडव्या धाग्यांतही, रंग बदलावा लागतो. एका रंगाचा एक धोटा, म्हणून धोट्याच्या मागाला ड्रॉपबॉक्स लागतो. मागाच्या टोकाला धोट्यांची खणाखणांची पेटी असते, ती वरखाली होऊन हवा तो धोटा समोर आणते. साध्या मागावर हे जमत नाही. रेपियर मागावर धोटाच नसतो, तिथे कलर सिलेक्टर योग्य रंगाचा धागा पुढे करतो. एवढं करूनही बाण्याची वीण जरा दाट-विरळ झाली की चौकोनाचा आयत होतो. ताण्याच्या बाजूचं माप फणीने, म्हणजे उभे धागे ठरावीक अंतरावर धरणाऱ्या दात्यांच्या पट्टीने, बांधलेलं असतं, बाण्याच्या बाजूचं मात्र इंचात किती धागे बसतात त्यावर ठरतं. आणि टॉवेल धुतल्यावर लांबीत जास्त आणि रुंदीत कमी आटला, तर विणताना अचूक असलेला चौकोनही बसका होतो. त्या ऑर्डरमध्ये चौकडा आणि आटणं शेजारी शेजारी का होते, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. गिऱ्हाइकाला धुतल्यानंतरचा चौकोन चौकोन दिसायला हवा होता.

पैशाचा चेक या सगळ्यात कुठून आला? इथेही कापडच मध्ये आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायची कचेरी ज्या टेबलाभोवती भरायची त्या टेबलावरून तिचं नाव पडलं, 'एक्स्चेकर', म्हणजे पट. हेन्री दुसरा याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात या कचेरीवर लॅटिनमध्ये एक संवादरूप ग्रंथ लिहायला घेतला, त्यात टेबलाचं वर्णन आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून कडेला चार बोटं उंच काठ. त्यावर काळं कापड, आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. रेघांमधल्या रकान्यांना किंमत ठरलेली: एक पेन्सचा, पुढचा शिलिंगचा, मग पौंडाचा, विसा-विसा पौंडांचा, शंभराचा, हजाराचा. रकान्यात गोट्या किंवा नाणी मांडायची आणि सरकवायची.

एवढं जंजाळ कशाला? कारण त्यांच्याकडे शून्य नव्हतं. रोमन आकड्यांत बेरीज करून बघा, मग कळेल. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आणि हिशोब द्यायला आलेल्या शेरीफला, म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला, लिहिता-वाचता येईलच असं नाही. कापडावर मात्र सगळ्यांना दिसायचं: इतका येणं, इतका भरला, इतका बाकी. दशमान पद्धतीतल्या रकान्यांचं काम तिथे कापडाने केलं. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसला, शेरीफ येऊन हजर व्हायचे. फिट्झनील स्वतःच सांगतो की पटावर जशी दोन राजांची झुंज, तशी इथे खजिनदाराची आणि शेरीफची, आणि बाकीचे बसून बघतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याची अधिकृत पदवी आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर' आहे, म्हणजे अक्षरशः पटाचा कारभारी. आपणही बुद्धिबळाच्या त्या वस्तूला 'पट'च म्हणतो, आणि संस्कृतात पट म्हणजे विणलेलं कापड. कापडावर खेळणं आणि कापडावर हिशोब करणं, दोन्ही संस्कृतींनी आपापल्या परीने केलं.

याच कचेरीत पावतीसाठी लाकडाची काठी चालायची. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि मग काठी उभी चिरायची. अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. दोन अर्धे जुळले तर व्यवहार खरा. ही पद्धत बंद पडल्यावर साठलेल्या काठ्या १८३४च्या ऑक्टोबरात संसदेच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत संसदेची इमारतच गेली. जुन्या फायली जाळायचा बेत करणाऱ्या कुठल्याही कचेरीने ही हकिकत भिंतीला लावावी.

जुळवून बघायच्या अर्ध्या भागाची हीच कल्पना कागदावर आली. अठराव्या शतकात 'चेक' हे नाव आधी होतं ते कागदाच्या जपून ठेवलेल्या अर्ध्या भागाला, ज्याला आपण काउंटरफॉइल किंवा स्थळप्रत म्हणतो. खोट्या किंवा फेरफार केलेल्या कागदाला 'आळा' घालणारा भाग, म्हणून चेक. म्हणजे इथेही जुना रोखण्याचाच अर्थ. पुढे नाव फाडून दिलेल्या तुकड्याकडे सरकलं आणि स्थळप्रत बिनानावाची राहिली.

स्पेलिंगचा प्रश्न इथे सुटतो. सुरुवातीला सगळीकडे सी-एच-ई-सी-के असंच लिहीत. ब्रिटिश बँकवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याला एक्स्चेकरच्या धर्तीवर 'क्यू' जोडून सी-एच-ई-क्यू-यू-ई असं भारदस्त केलं. अमेरिका त्याआधीच वेगळी झाली होती, तिने जुनं सोडलं नाही. आपल्याकडे कायदा ब्रिटिशांनी केला, १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, त्यात 'क्यू'वालं स्पेलिंग, म्हणून आपलं ते. सूत-व्यापारातल्या कुणालाही या कायद्याचं नाव सांगायची गरज नाही, नुसतं '१३८ची केस', म्हणजे न वटलेल्या चेकचा खटला, म्हटलं की पुरे. अमेरिकन गिऱ्हाइकाचं 'सी-के' दिसलं तर ते चुकीचं समजून दुरुस्त करू नका. आणि आपल्या पत्रात आपलं 'क्यू' ठेवा, कुणी हरकत घेत नाही. मात्र धनादेश आणि धनाकर्ष यांची गल्लत करू नका. धनाकर्ष म्हणजे डिमांड ड्राफ्ट, तो न वटण्याची भीती नसते, म्हणून टेंडरमध्ये तोच मागतात. आणि हा 'वटणे' शब्द चेकपेक्षा जुना आहे, हुंडीच्या काळापासूनचा. तो असताना 'चेक क्लियर झाला नाही' असं का लिहावं, मला समजत नाही. 'चेक वटला नाही' म्हणा.

अमेरिकन कागदांत आणखी दोन-तीन ठिकाणी ठेच लागेल. हॉटेलातल्या बिलालाही ते 'चेक' म्हणतात. 'चेक द बॉक्स' म्हणजे खोका तपासा नव्हे, चौकटीत बरोबरची खूण करा. पॅकिंग लिस्टवर हे आलं आणि कुणी खोके उघडून बसलं तर अर्धा दिवस गेला. 'चेक्ड बॅगेज' म्हणजे विमान कंपनीच्या ताब्यात दिलेलं सामान. इथला 'चेक' म्हणजे सामान दिल्याची खूणचिठ्ठी, पुन्हा तोच जुळवायचा अर्धा तुकडा.

कागद हातात आला की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: इथे कुणी काही थांबवतंय, काही जुळवतंय, की घरं पाडलेली आहेत? थांबवणं असेल तर आळा, लगाम, आटोका, अडवणे यांपैकी जो वाक्यात बसेल तो. जुळवणं असेल तर पडताळणे. 'तपासणे' सगळ्यात शेवटी, कारण तो शब्द इतका ढिला आहे की वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. शेडच्या ओळीत मी 'पडताळून' लिहिलं ते त्यासाठी. नुसतं तपासा म्हटलं तर माणूस टॉवेल बघेल आणि बरा आहे म्हणेल. पडताळा म्हटलं की नमुना हातात घेऊन शेजारी धरेल.

राहिला चेक प्रजासत्ताक. त्याचा यात काही हात नाही. ते त्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून आलं आहे, दंतकथेप्रमाणे चेख नावाच्या मूळपुरुषावरून, आणि इंग्रजीतलं त्याचं सी-झेडचं विचित्र स्पेलिंग पोलिश वळणाचं आहे. उच्चार जुळला हा निव्वळ योगायोग. ज्या बाटाला आपण सगळे अस्सल देशी समजतो तो मात्र खरोखर तिथला, झ्लीन गावचा. तिकडची ऑर्डर आलीच तर देशाचं नाव 'चेकिया' लिहा. २०१६पासून इंग्रजीत ते अधिकृत छोटं नाव आहे आणि खात्यात 'चेक टॉवेल, चेकला पाठवायचे, पैसे चेकने' असा कागद फिरणार नाही.